दुपट्ट्याखालचं इंजिन

मामाजी,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी भरल्या घरात एक गोष्ट बोलून गेले. ती तुम्हाला सांगायची होती, तुम्ही असताना. दहा महिने रोज ठरवत होते, आणि रोज भाजीत मीठ बरोबर आहे का, लाइटबिल आलं का, असलं काहीतरी विचारून वेळ मारून नेत होते. शेवटी बोलले ती तुमच्या फोटोसमोर, आणि तीही तुमच्याशी नाही, मेश्राम काकांशी. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला लिहिण्याचा कंटाळा होता. "जे तोंडानं सांगता येते ते कागदावर काहून लिवते?" असं तुम्ही म्हणायचात. बरोबर आहे तुमचं, पण माझ्याच्यानं बोलवलं नाही.

आपलं जमलं ते पत्र्यामुळे. त्याआधीची सोळा वर्षं आपण एका घरात राहिलो, पण आपलं बोलणं म्हणजे "पाणी देऊ?" आणि "ठेव तिथं" एवढंच. आत्याबाई होत्या तोवर तुमचा निरोप मला आणि माझा तुम्हाला त्यांच्यामार्फत पोचायचा. सासू-सुनेत भांडणं असतात म्हणे. आमच्यात ती व्हायलाही त्यांना फुरसत नव्हती, कारण त्या दिवसभर आपल्या दोघांचा पोस्टमन होत्या. त्या गेल्या आणि नारी रोडच्या आपल्या तीन खोल्यांत तुम्ही, मी आणि तुमचा अमोल जेवायला बसलो की फक्त घास चावल्याचा आवाज यायचा. मला गप्प बसणं जमत नाही हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. त्या दिवसांत मी कुकरशी बोलायचे.

मग अमोलला ऑफिसात कुणीतरी ते पाकीट भेट दिलं. आत पोस्टकार्डाएवढे दोन चकचकीत पत्रे, जाड कागदाइतके पातळ, आणि एक नकाशा. पत्र्यात बुलडोझरचे सगळे भाग आधीच कोरलेले. नुसते तोडून काढायचे, वाकवायचे आणि एकात एक अडकवायचे. अमोलनं ते फ्रिजवर टाकलं आणि विसरला. दोन महिन्यांनी एका रविवारी तुम्ही ते उचलून माझ्यापुढे धरलंत.

"हे काय होय वं?"

"बुलडोझर हाय, मामाजी. जोडा लागते."

"हा? हा बुलडोझर?" तुम्ही तो पत्रा तळहातावर ठेवून वजन केल्यासारखा हलवलात आणि हसलात. आत्याबाई गेल्यानंतर पहिल्यांदा. "याचा एक ट्रॅक बदलाले आमी आठ लोक लागत होतो. अन् पाणी पडून राहिलं असलं तं पूर्ण शिफ्ट जाय."

सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत तुम्ही चौतीस वर्षं फिटर होतात, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. पण फिटर म्हणजे काय हे मला त्या रविवारी समजलं. तुम्ही माझ्या पर्समधून माझी नोज प्लायर काढलीत, तीही न विचारता. ती माझी लॅबची पक्कड. मी धंतोलीत दातांच्या लॅबमध्ये काम करते, वाकड्या दातांना सरळ करायच्या तारा वळवते, आणि माझ्या पक्कडीला मी अमोललाही हात लावू देत नाही. मी ओरडले. तुम्ही म्हणालात, "वापस देतो ना. खाऊन नाही टाकत." संध्याकाळी ती परत आली तेव्हा तेल लावून पुसलेली होती, आणि टेबलावर माझ्या अंगठ्याएवढा बुलडोझर उभा होता. तुम्ही तो बोटानं ढकलून पाहिलात आणि निकाल दिलात, "ब्लेड उलटं दाखवलं हाय नकाशात. हे बनवणाऱ्यानं खाण पाहिली नाही कधी." आणि तुम्ही ते काढून स्वतःच्या मनासारखं बसवलंत.

मग अमोल इंटरनेटवरून एकेक मागवायला लागला. डंपर, मालगाडी, हत्ती, विंचू, मोर, कुतुबमिनार. शोकेसमधले आत्याबाईंचे स्टीलचे ग्लास स्वयंपाकघरात गेले आणि तिथं तुमची जनावरं आणि गाड्या आल्या. दर रविवारी जेवणाच्या टेबलावर जुना पेपर, त्यावर सुटे भाग ठेवायला एक ताटली, आणि आपण दोघं समोरासमोर. प्रत्येक भागाला कडेला बारीक जिभा असतात. ती जीभ समोरच्या खाचेत घालायची आणि मागून वाकवायची, की भाग पक्का बसतो. "एक डाव वाकवली तं जन्मभर धरते," तुम्ही सांगायचात. "दुसऱ्यांदा वाकवली तं थकते. तिसऱ्यांदा तुटते." मी विचारलं, मग आधीच सिमेंट लावलं तर? आमच्या लॅबमध्ये सगळं चिकटवूनच तर होतं. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू मी वरणात साखर घाला म्हटलं. डिंक नाही, सिमेंट नाही, काही नाही. जे खोलता येत नाही ते फिटरचं काम नाही, हा तुमचा कायदा.

विंचू मला करायला दिलात ते आठवतं? आठ पाय, प्रत्येकाला तीन वाकणं. तिसऱ्या पायाला मी रडकुंडीला आले. तुम्ही समोर बसून नुसते पाहत होतात, दोन्ही हात टेबलाखाली. मी म्हटलं, जरा धरा ना. तुम्ही म्हणालात, "हात खाली ठेवले म्हून तं तुहा विंचू होऊन राहिला. वर आणले तं माहा होईन." तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला मदत करायचा कंटाळा आहे. एक पाय मोडला, सात पायांचा विंचू झाला, आणि तुम्ही तो शोकेसमध्ये बुलडोझरच्या शेजारी मधोमध ठेवलात. पाहुणे आले की सांगायचात, "हे आमच्या सुजातानं केलं." माझ्या माहेरी माझ्या दहावीच्या मार्कांचंसुद्धा एवढं कौतुक झालं नव्हतं. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगते.

आणि आपला घुमटाचा वाद. "साऱ्या जगाचे मनोरे पत्र्यात भेटते, आपली दीक्षाभूमी काहून नाही?" म्हणत तुम्ही तेलाचा डबा कापून घरीच सुरुवात केलीत. चोवीस पाकळ्या कापायच्या आणि वर जुळवायच्या. मी म्हटलं, सपाट पत्र्याचा गोल घुमट होत नाही, कोनाकोनांचा होतो. मी लॅबमधून प्लास्टर आणते, अर्ध्या तासात करून देते. तुम्ही म्हणालात, "प्लास्टरचा कोणीबी करते. बत्तीस पाकळ्या केल्या तं होईन गोल." तो वाद तसाच राहिला. मला अजूनही वाटतं की मीच बरोबर होते, बत्तीस केल्या असत्या तरी.

मग तुमचा उजवा हात थरथरायला लागला. पहिल्यांदा बशीत चहा दिसला, मग सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि म्हणाले की हळूहळू वाढत जाईल, पण गोळी चुकवली नाही तर बरंच सांभाळता येईल. तुम्ही घरी येऊन पेपर पसरलात आणि डाव्या हातानं उजवं मनगट धरून हत्ती जोडायला बसलात. तीन रविवार लागले. हत्ती उभा राहिला, पण एक कान वर आणि एक खाली, आणि पाठीवरची झूल तिरपी. नेहमी तुम्ही बोटानं ढकलून निकाल द्यायचात, तो दिला नाहीत. हत्ती टेबलावर ठेवून तुम्ही झोपायला गेलात.

सकाळी तुम्ही फिरायला गेलात आणि मी डबा भरता भरता तो हत्ती पाहिला. मामाजी, माझं पोट वाकड्याला सरळ करण्यावर चालतं. दिवसभर मी तेच करते. वाकडं दिसलं की माझी बोटं आपोआप जातात. लोकांकडे जेवायला गेले तर मी त्यांच्या भिंतीवरचे फोटो सरळ करून येते, आणि त्यावरून अमोलचं माझं भांडणही झालंय. मी पक्कड घेतली, कानाची जीभ उघडली, कान बरोबर केला, परत वाकवली. झूलही केली. चार मिनिटांचं काम. तुम्ही फिरून आलात, हत्ती उचललात, खिडकीशी नेऊन फिरवून पाहिलात.

"काल मले वाकडा दिसून राहिला होता," तुम्ही म्हणालात.

"लाइट कमी होता ना," मी म्हटलं.

तुमचा चेहरा उजळला. त्या चेहऱ्यासाठी मी पुढचे सहा महिने खोटं वागले. तुम्ही रविवारी जोडायचात, मी सोमवारी सकाळी तुम्ही बाहेर पडलात की उघडायचे आणि सरळ करायचे. कुतुबमिनार, जेसीबी, मोराचा पिसारा. आणि वाफेचं इंजिन. त्या इंजिनाचं धुराडं सरळ करताना जीभ तुटली. तुम्ही यायला पाच मिनिटं होती. मी पर्समधून फेव्हीक्विकसारखं लॅबचं सिमेंट काढलं आणि खालून एक थेंब लावला. तुमचा कायदा मोडला, आणि हात पुसून पोह्यांना फोडणी दिली.

तुम्ही त्या दिवसांत किती खूश होतात! चौकात, किराणा दुकानात, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतात की गोळीनं फरक पडला. अमोलही खूश. मी एवढी चांगली सून आहे याचं मला स्वतःलाच कौतुक वाटायला लागलं होतं. तुम्ही तुमच्याच हाताबद्दल भलतंच समजून बसला आहात, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आलं त्या दुपारी. लॅबला सुट्टी होती. तुम्ही स्वयंपाकघरात ब्लेड घेऊन बसला होतात आणि पुढ्यात गोळ्यांचं पाकीट.

"काय करून राहिले, मामाजी?"

"गोळ्या अर्ध्या करून राहिलो. हात सुधारला आता. एवढी कायले खाऊ?"

"डॉक्टरले विचारलं?"

"हात माहा हाय का डॉक्टरचा?"

"नाही सुधारला हात."

"काहून नाही? चहा सांडते, मान्य हाय. सकाळी आंग आखडते, तेबी मान्य. पण हे इंजिन पाय." तुम्ही उठून शोकेसमधून इंजिन आणलंत आणि माझ्यासमोर ठेवलंत. "हे काय बिघडल्या हाताचं काम होय?"

गोळी अर्धी करू नका, एवढंच म्हणत राहिले. तुम्ही म्हणालात, "मंग काहून ते सांग ना." मी ओटा पुसायला घेतला. पुसलेलाच ओटा होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग इंजिनाकडे. मग चष्मा काढून ते उलटं केलंत आणि डोळ्यांशी नेलंत. धुराड्याखाली माझा थेंब वाळून पांढरा झाला होता. मला तो ओट्यापाशी उभं राहूनही दिसला.

तुम्ही चष्मा परत लावलात. इंजिन खाली ठेवलंत, अर्ध्या केलेल्या गोळ्या एकेक करून डबीत भरल्यात. "दोन अर्ध्या मिळून एक होते," म्हणालात, "घेतो तशाच." आणि उठून गेलात.

त्यानंतर गोळी कधी चुकली नाही. पण पुढच्या रविवारी जेवणाचं टेबल रिकामं होतं. तुम्ही तुमच्या खोलीत स्टुलावर पेपर पसरून बसला होतात. मी चहा घेऊन आले तर तुम्ही गळ्यातला दुपट्टा काढून समोरच्या कामावर टाकलात आणि म्हणालात, "ठेव तिथं."

सोळा वर्षं तेच ऐकलं होतं, तेव्हा काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी चहा ठेवून मोरीत जाऊन रडले. पुढे शोकेसमधून इंजिनही दिसेनासं झालं, आणि तुमच्या कपाटाला किल्ली लागायला लागली. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. बाकी आपण सगळं बोललो. वांग्याच्या भाजीवरून भांडलो, माझी आई आजारी पडली तेव्हा तुम्ही बसनं मौद्याला जाऊन तिच्याजवळ दोन दिवस राहिलात, येताना माझ्यासाठी तिच्या हातच्या कुरडया आणल्यात. तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात, हे मला कळत होतं. रागावला असतात तर बरं झालं असतं. मी रोज सकाळी ठरवायचे की आज सांगेन. तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तरी मला तोंड उघडवलं नाही. मग त्या मंगळवारी अंघोळ करून तुम्ही खुर्चीत बसलात आणि तिथंच गेलात. मी लॅबमध्ये कुणाच्या तरी पोराच्या दाताची तार वळवत होते.

परवा कार्यक्रमाच्या सकाळी अमोल म्हणाला, बाबांची मॉडेलं फोटोजवळ मांडू, लोकांना दिसली पाहिजेत, कपाटातलीही काढ. किल्ली तुमच्या निळ्या सदऱ्याच्या खिशात होती. मी कपाट उघडलं.

दुपट्ट्याखाली अकरा होती. एका जेसीबीचा पंजा आभाळाकडे, एका मोराचा पिसारा एका बाजूला पडलेला, आणि दुसरा कुतुबमिनार तर बसस्टॉपकडे निघाल्यासारखा. मी हसले, खोटं नाही सांगत. मग मागं ते इंजिन दिसलं. धुराड्याखालचा माझा थेंब तुम्ही ब्लेडनं खरवडून काढला होतात. सगळे ओरखडे दिसत होते. तुटलेल्या जिभेच्या जागी तांब्याची बारीक तार घालून आतून पिळली होती. त्या हातानं ती तार त्या भोकातून ओवायला तुम्हाला किती दिवस लागले असतील, मला माहीत नाही. आणि मी सरळ केलेलं धुराडं पुन्हा डावीकडे कललेलं होतं.

मी कपाट लावून घेतलं आणि बाहेर येऊन अमोलला म्हटलं, किल्ली सापडत नाही. बघा मामाजी, माणूस कसा असतो. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात पुन्हा खोटं.

वंदना झाली, लोक बोलले, जेवणं झाली. शोकेसमधली मॉडेलं तुमच्या फोटोपाशी पांढऱ्या चादरीवर झळकत होती. सावनेरहून मेश्राम काका आले होते, तुमच्यासोबत वर्कशॉपात वीस वर्षं काढलेले. त्यांनी हत्ती उचलला आणि सगळ्यांना दाखवला.

"पाय गा अमोल, याले म्हणते हात! बिमारीनं हात कापून राहिला होता म्हणे, अन् हे काम!"

"शेवटपर्यंत असाच हात होता बाबाचा," अमोल म्हणाला. तो रडत होता आणि अभिमानानं त्याची मान ताठ झाली होती. लोक माना डोलवत होते. माझ्या पाठीमागे कपाटात तुमचं खरं काम कुलपात होतं, आणि तिथं लोक माझ्या कामाला तुमचं म्हणून हात जोडत होते. मला ते सोसलं नाही.

"काका," मी म्हटलं, "तो हात मामाजीचा नाही. माहा हाय."

मग मी सगळं सांगितलं, हत्तीपासून गोळ्यांपर्यंत. नणंदबाई म्हणाल्या, आज कायले हे? अमोल माझ्याकडे पाहत होता. "तू मले तरी सांगाले पायजे होतं," तो हळूच म्हणाला. मी खोलीत गेले, कपाट उघडलं, आणि तो दुपट्टा आहे तसा, अकरा मॉडेलांसकट, परातीत घालून बाहेर आणला.

मेश्राम काका खाली बसले. चष्मा लावला. आधी हत्ती कानाशी धरून हलवला. आत खुळखुळ वाजलं. कान, झूल, सगळं जागच्या जागी डुगडुगत होतं.

"हे तू सरळ केलं?"

"हो."

"सरळ हाय. पण ढिलं हाय." मग त्यांनी इंजिन घेतलं. कानाशी धरलं, हलवलं, धुराड्याला अंगठ्यानं ढकललं. काही वाजलं नाही. चाकं तेवढी फिरली. "हे वाकडं हाय," काका म्हणाले. "पण ढिलं नाही."

इंजिन त्यांनी जपून परातीत ठेवलं. मग मला म्हणाले, "आमच्या वर्कशॉपात एक रीत होती बाई. दुसऱ्याच्या जॉबले हात लावाचा असन तं त्याच्यासमोर लावाचा. तो समजते का बोल्ट मी कसला तसाच हाय, अन् भरोशानं गाडीखाली जाऊन झोपते. मागून कोणी खोलला, कसला, त्याले काय माहीत? जीव जाते माणसाचा. तुह्या सासऱ्यानंच शिकवलं आमाले हे."

मला त्या अर्ध्या गोळ्या आठवल्या. मी म्हटलं, "काका, चुकलं माहं."

"मले काहून सांगून राहिली वं?" काका म्हणाले. रागानं नाही, जसं एखाद्याला चुकीच्या खिडकीवरून पुढच्या खिडकीवर पाठवावं तसं. "ज्याचा जॉब होता त्याले सांग."

अमोल दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. आज सकाळी त्यानं शोकेस रिकामं केलं आणि तुमची अकरा त्यात मांडली, तुमच्या जुन्या बुलडोझर, डंपर आणि विंचवासोबत. इंजिन समोर. माझी सरळ केलेली त्यानं एका खोक्यात भरून माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, हे कुठं ठेवू? मी म्हटलं, माळ्यावर. त्यानं ठेवली. मग दोघांनी चहा घेतला.

सहा महिने मी स्वतःला सांगत होते की मी तुमची इज्जत राखते आहे. तसं नव्हतं, मामाजी. वाकडं मला बघवत नव्हतं, एवढंच होतं. तुमचं दुखणं मला बघवत नव्हतं, म्हणून मी ते तुमच्यापासून लपवलं, आणि जेव्हा तुम्हाला कळलं तेव्हा तुमच्याजवळ बसायलाही मी नव्हते. तुम्ही दार लोटून एकट्यानं ते शिकून घेतलंत. तुमचा हात कसा झाला आहे ते पाहिलंत, आणि त्याच हातानं अकरा कामं पक्की केलीत. मला ती पाहायची होती, होत असताना, टेबलाच्या या बाजूनं. तो हक्क मीच घालवला.

काकांनी सांगितलं तसं आता ज्याचा जॉब त्याला सांगते. हत्तीचा कान आणि झूल, कुतुबमिनारचा वरचा मजला, जेसीबीचा पंजा, मोराचा पिसारा, इंजिनाचं धुराडं. हे सगळं मी उघडलं, तुम्ही फिरायला गेल्यावर, तुमच्या मागून, तुम्हाला न विचारता. माझं चुकलं, मामाजी.